घास आणि घोट: बीअरचे प्रकार आणि त्यांच्याशी जुळणारे पदार्थ

बीअरची यादी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाला तिच्यातली नावेच आधी अडवतात. पिल्सनर हे नाव एका शहरावरून पडले, मेर्त्सेन महिन्यावरून, पोर्टर लंडनच्या हमालांवरून आणि वाइसबीअर रंगावरून. त्यामुळे एका नावाचा अर्थ कळला म्हणून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. त्यातच ‘माशाबरोबर ही, मांसाबरोबर ती’ अशी कोष्टके समोर येतात आणि नवखा वाचक ती पाठ करू लागतो. ही कोष्टके फार काळ उपयोगी पडत नाहीत, कारण तोच मासा वाफवला, तळला किंवा निखाऱ्यावर भाजला तर प्रत्येक वेळी त्याची चव इतकी बदलते की त्याच्या सोबतीची बीअरही बदलावी लागते.

अनेक वर्षे चाखून आणि जुळवून पाहिल्यावर मला सर्वांत भरवशाची वाटलेली पद्धत अशी आहे: पदार्थ कशाचा आहे हे नंतर पाहावे, तो कसा शिजला आहे हे आधी पाहावे, आणि बीअरकडेही त्याच नजरेने पाहावे, कारण तिच्यातले धान्यसुद्धा कुठेतरी वाळवलेले, शेकलेले किंवा भाजलेलेच असते. ही पद्धत नव्याने सुरुवात करणाऱ्याला टप्प्याटप्प्याने कशी वापरता येईल ते पुढे मांडले आहे.

पायरी पहिली: बीअरमध्ये काय असते ते समजून घ्यावे

बीअर मुळात चार गोष्टींची बनते: पाणी, बार्लीचा माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बव्हेरियात १५१६ साली काढलेल्या प्रसिद्ध फर्मानात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्या तिघांचाच उल्लेख होता. यीस्टचे काम तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हते. खाण्याशी जुळवणी करताना या चारांपैकी माल्ट, हॉप्स आणि यीस्ट हे तिघे आपापले वेगळे काम करतात, म्हणून त्यांची ओळख स्वतंत्रपणे करून घेणे फायद्याचे ठरते.

माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेले आणि मग गरम हवेत वाळवलेले धान्य. ते किती उष्णतेवर वाळवले यावर बीअरचा रंग आणि चवीचा मोठा भाग ठरतो. शक्य असेल तेव्हा माल्टचे दाणे मिळवून चावून पाहावेत, कारण इतक्या थोड्या वेळात इतके शिकवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. हलक्या आचेवर वाळवलेला फिका दाणा कुरकुरीत आणि गोडसर लागतो, ताज्या बिस्किटासारखा. म्युनिक म्हणून ओळखला जाणारा जरा अधिक शेकलेला दाणा पावाच्या खरपूस कडेची आठवण करून देतो. कॅरॅमल माल्ट दाताखाली काचेसारखा फुटतो आणि जळक्या साखरेचा गोडवा सोडतो. पूर्ण काळा भाजलेला दाणा मात्र कॉफीच्या बीसारखा कडू आणि किंचित आंबट लागतो. हा शेवटचा माल्ट जगाला मिळाला तो डॅनियल व्हीलर याने १८१७ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या फिरत्या भट्टीमुळे. कॉफी भाजण्याच्या यंत्राच्या धर्तीवरच ती भट्टी होती आणि पोर्टर व स्टाउट या गडद बीअरना आज असलेला काळा रंग तिनेच दिला.

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी फुले. ती उकळीत लवकर घातली तर कडवटपणा देतात, उशिरा घातली किंवा थंड बीअरमध्ये भिजवली तर सुगंध देतात. चेक प्रजासत्ताकातला साझ हॉप सौम्य आणि किंचित मसालेदार वासाचा असतो, इंग्लंडचा गोल्डिंग्ज मातकट व फुलांसारखा, तर अमेरिकेत १९७२ साली प्रसृत झालेला कॅस्केड ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा दरवळतो.

यीस्टमुळे बीअरची दोन मोठी घराणी पडतात. एलचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करते आणि जाताजाता फळांचे व मसाल्याचे गंध निर्माण करते. लागरचे यीस्ट ७ ते १३ अंशांच्या थंडाव्यात सावकाश आंबवते, मग ती बीअर आणखी थंडीत आठवडेच्या आठवडे मुरवली जाते. जर्मन भाषेत लागर या शब्दाशी साठवण्याचाच अर्थ जोडलेला आहे. या सावकाशीमुळे लागर स्वच्छ चवीची होते आणि तिच्यात माल्ट व हॉप्स यांच्यावर फारसे पांघरूण उरत नाही.

पायरी दुसरी: रंगावर विसंबू नये, तीन प्रश्न विचारावेत

काळी बीअर जड आणि कडक असते, सोनेरी बीअर हलकी असते, हा समज नवख्यांना सर्वांत जास्त फसवतो. नळातून मिळणारी काळीभोर गिनेस केवळ सुमारे ४.२ टक्के मद्यार्काची असते, आणि बेल्जियममधल्या वेस्टमाल्ले मठाची सोनेरी ट्रिपेल ९.५ टक्क्यांची. रंग फक्त माल्ट किती भाजला हे सांगतो. आणि भाजलेल्या पदार्थाशी मेळ घालताना ती माहिती मोलाची असली तरी तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून बाटलीवरचे लेबल वाचताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. पहिला प्रश्न तिच्या जोराचा. चार-पाच टक्क्यांची बीअर नाजूक पदार्थाला सांभाळून घेते; आठ-नऊ टक्क्यांची बीअर त्याच पदार्थाला पार झाकून टाकते. दुसरा प्रश्न कडवटपणाचा. तो आयबीयू या एककात मोजतात: हेलेस या म्युनिकच्या सोनेरी लागरमध्ये तो साधारण १६ ते २२, जर्मन पिल्सनरमध्ये २२ ते ४०, आयपीएमध्ये (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडवट एल) ४० ते ७० असतो. हा आकडा एकटा वाचू नये. इम्पीरियल स्टाउटमध्ये, म्हणजे जोरदार काळ्या स्टाउटमध्ये, तो ५० च्या वर सहज जातो, तरीही माल्टचा गोडवा भरपूर असल्याने ती तितकी कडू भासत नाही. तिसरा प्रश्न शेवटाचा, म्हणजे घोट गिळल्यावर तोंडात गोडवा रेंगाळतो, कोरडेपणा येतो की आंबटपणा उरतो, हा. लेबलावर तो लिहिलेला नसतो, चाखूनच कळतो, आणि जुळवणीत माझ्या मते त्याचे महत्त्व बाकी दोहोंपेक्षा जास्त आहे, कारण पुढचा घास त्या उरलेल्या चवीवरच पडणार असतो.

पायरी तिसरी: ग्लास आणि तापमान नीट ठेवावे

इथे थोडक्यात सांगून पुढे जातो. ग्लासात साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. बुडबुडे काचेच्या कडेला चिकटून बसले असतील तर ग्लास पुन्हा धुवावा. ओतताना ग्लास तिरपा धरावा, अर्धा भरल्यावर सरळ करावा आणि दोन बोटे फेस येऊ द्यावा, कारण सुगंध त्या फेसातूनच नाकाशी येतो. हलकी लागर ४ ते ७ अंशांवर, गव्हाची बीअर ५ ते ८, पेल एल ७ ते १०, आणि स्टाउट किंवा बार्लीवाइन (नावात वाइन असली तरी ही जोरदार एलच) यांसारख्या जड बीअर १० ते १३ अंशांवर द्याव्यात. बर्फगार बीअरचा वास येत नाही आणि थंडाव्याने जीभही बधिर होते, मग कोणताही पदार्थ तिच्याशी सारखाच लागतो.

बाटली उन्हात ठेवू नये. प्रकाशामुळे हॉप्समधले घटक बदलून एक उग्र, जनावरी वास तयार होतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फार थोडा अडवते आणि पारदर्शक जवळजवळ अडवतच नाही. हॉप्सचा सुगंध ज्यांचा प्राण आहे अशा आयपीए भरल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवाव्यात. तळघरात वर्षानुवर्षे मुरवण्याजोग्या बीअर वेगळ्या असतात आणि त्या थोड्याच असतात.

पायरी चौथी: पदार्थ कसा शिजला आहे ते पाहून बीअर निवडावी

ही पायरी या लेखाचा गाभा आहे, म्हणून तिला अधिक जागा दिली आहे.

कच्चे, वाफवलेले आणि उकडलेले पदार्थ आधी घेऊ. सॅलड, वाफवलेला मासा, शिंपले, उकडलेली अंडी, ताजे मऊ चीज यांना आच फारशी लागलेली नसते; म्हणून त्यांच्या सोबतीला कमी शेकलेल्या माल्टची, कमी कडवट बीअर हवी. बेल्जियन विटबीअर इथे पहिल्या क्रमांकावर ठेवावी. मोड न आणलेला गहू, धने आणि संत्र्याची वाळलेली साल घालून केलेली ही धूसर बीअर विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ नाहीशी झाली होती. १९६० च्या दशकात हूगार्डन गावातल्या पियेर सेलिस यांनी ती पुन्हा करायला घेतली आणि तिथून ती जगभर गेली. वाफवलेल्या माशावर आपण लिंबू पिळतो तेव्हा जे होते, तेच तिच्यातली संत्र्याची साल आणि सौम्य आंबटपणा करतात. बव्हेरियन वाइसबीअर तिची नातलग असली तरी स्वभावाने वेगळी आहे. तिच्यात निदान अर्धा माल्ट गव्हाचा असतो आणि यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. ऑम्लेट, सौम्य सॉसेज, मऊ पाव आणि लोणी यांच्याशी ती उत्तम जमते. कोलोन शहराची क्योल्श ही तिथे ०.२ लिटरच्या सडपातळ ग्लासातून दिली जाणारी सोनेरी एल, तीही याच गटात बसते.

तळलेल्या पदार्थांसाठी पिल्सनर. जोसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने १८४२ साली पिल्झन शहरात पहिली सोनेरी लागर तयार केली. तिथले अतिशय मृदू पाणी, फिका माल्ट आणि साझ हॉप्स यांच्या मेळातून कडवट असूनही न टोचणारी बीअर जन्मली, आणि आज जगात प्यायल्या जाणाऱ्या बहुसंख्य बीअर तिच्याच दूरच्या वंशज आहेत. तळणाशी तिचे का जमते हे वाचून पटवून घेण्यापेक्षा करून पाहावे. गरम, खारे फ्रेंच फ्राइज घ्यावेत. तीन-चार खाल्ले की जिभेवर तेलाचा एक पातळ थर बसल्याचे जाणवते, आणि पाचव्यापासून चव मंदावते. आता पिल्सनरचा मोठासा घोट घ्यावा आणि तो क्षणभर तोंडात फिरवावा. वायूचे बुडबुडे तो थर उचलतात, हॉप्सचा कडवटपणा उरलेसुरले तेलकटपण संपवतो, आणि जिभेवरच्या मिठामुळे तो कडवटपणा एरवीपेक्षा सौम्य लागून त्यामागचा माल्टचा गोडवा पुढे येतो. लगेच पुढचा फ्राय खाल्ला तर तो पहिल्याइतकाच खारा आणि कुरकुरीत लागतो. घोट घासाला नवा करतो, घास घोटाला गोड करतो. दोन्ही बाजूंनी फायदा झाला तरच जोडी जुळली असे मी मानतो. तळलेला मासा, तळलेली कोंबडी, कांद्याच्या तळलेल्या चकत्या या सर्वांना हाच न्याय लागू पडतो. नायट्रोजन मिसळलेली मऊ फेसाची स्टाउट मात्र तळणाबरोबर टाळावी. तिचे बुडबुडे बारीक व सौम्य असतात, ते तेल उचलत नाहीत.

ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तांबूस झालेल्या पदार्थांत रासायनिकदृष्ट्या तेच घडलेले असते जे भट्टीत माल्टला होते. उष्णतेने प्रथिने आणि शर्करा यांची एकमेकांवर क्रिया होऊन रंग येतो व खरपूस वास सुटतो. म्हणून भाजलेली कोंबडी, पिझ्झाची कड, लोण्यात परतलेले मशरूम, ओव्हनमध्ये शेकलेली गाजरे आणि कांदे यांच्या शेजारी तांबूस बीअर ठेवली की दोघांत काहीतरी सामाईक निघतेच. व्हिएन्नाच्या आन्टोन ड्रेहर यांनी १८४१ च्या सुमारास रूढ केलेली व्हिएन्ना लागर आणि म्युनिकची मेर्त्सेन या त्या गटातल्या सर्वांत समजूतदार बीअर. मेर्त्सेन म्हणजे मार्चची. बव्हेरियात १५५३ च्या हुकुमाने उन्हाळ्यात बीअर करण्यास मनाई झाली, कारण उष्म्यात ती बिघडत असे. म्हणून मार्चमध्ये जरा जोरदार बीअर करून ती थंड तळघरांत उन्हाळाभर ठेवली जाई. इंग्रजी ब्राउन एल हीसुद्धा इथलीच: तिच्यात अक्रोड-बदामासारखा खमंगपणा असतो, आणि मशरूमशी तिची जोडी मला व्यक्तिशः फार आवडते.

पेल एल आणि आयपीए या गटाच्या काठावर येतात. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंटच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे असल्याने तिथल्या बीअरचा कडवटपणा कोरडा आणि रेखीव होत असे; भारतात पाठवायच्या भरपूर हॉप्स घातलेल्या बीअरवरून आयपीए हे नाव रूढ झाले. अमेरिकेत १९८० साली सिएरा नेवाडा या बीअर कारखान्याने कॅस्केड हॉप्स वापरून केलेल्या पेल एलने या घराण्याला नवा, फळांच्या सुगंधाचा चेहरा दिला. या बीअरना चरबी आणि मीठ यांची सोबत हवी असते. बर्गर, जुने चेडार चीज, तव्यावर कडा काळ्या होईतो भाजलेले मांस यांच्यापुढे त्यांचा कडवटपणा योग्य जागी पडतो. नाजूक माशाबरोबर तोच अंगावर येतो, आणि तेलकट माशाबरोबर तर धातूसारखी चव उरते.

निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थांना धूर आणि काजळ लागलेली असते. इथे पोर्टर आणि स्टाउट यांचा काळा माल्ट कामाला येतो, कारण मांसाच्या जळक्या कडेची आणि त्या माल्टची चव एकाच जातीची असते. बाम्बेर्ग शहराची राउखबीअर आणखी पुढे जाते: तिचा माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेला असतो, त्यामुळे पहिल्या घोटाला अनेकांना आपण धुरी दिलेले मांस पीत आहोत असे वाटते. तिच्यावर पहिल्या घोटातच मत बनवू नये. अर्धा ग्लास संपेपर्यंत नाकाला सवय होते आणि धुरामागचा गोड माल्ट दिसू लागतो. कालवे आणि स्टाउट ही जुनी इंग्रजी-आयरिश जोडी या सगळ्या नियमाला अपवाद आहे. कच्च्या कालव्याला आच लागलेली नसते, तरीही त्याचे समुद्री खारेपण कोरड्या स्टाउटच्या भाजक्या कडवटपणाला इतके मऊ करते की दोन्ही एकमेकांसाठीच केल्यासारखी लागतात.

मंद आचेवर तासन्‌तास शिजलेल्या रश्श्यांना आणि स्ट्यूंना गोडसर, भरलेल्या चवीची बीअर लागते. बेल्जियन डुबेलमध्ये गडद साखरेमुळे मनुका आणि अंजिराची चव येते. गोमांसाचा स्ट्यू तिच्यासोबत खावा किंवा तिच्यातच शिजवावा, बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात दोन्ही करतात. बीअरमध्ये शिजवताना कडवट प्रकार घेऊ नयेत, कारण रस आटतो तसा कडवटपणा घट्ट होत जातो. म्युनिकच्या मठवासीयांनी उपवासाच्या काळासाठी केलेली डोपेलबॉक ही या गटातली सर्वांत पौष्टिक बीअर. पाऊलानेर कारखान्याच्या साल्व्हाटोर या डोपेलबॉकवरून तिच्या कित्येक बहिणींची नावे ‘आटोर’ या शेवटाने ठेवली गेली आहेत, त्यामुळे यादीत ती ओळखणे सोपे जाते. भाजलेले डुकराचे मांस आणि जायफळ घातलेले पदार्थ यांच्याशी ती चांगली जमते.

पायरी पाचवी: तिखट, आंबट आणि गोड यांना वेगळा नियम लावावा

या तीन चवी ठळक असतील तेव्हा शिजवण्याच्या पद्धतीचा विचार मागे ठेवावा लागतो.

तिखटाबाबत चुकीचा सल्ला सर्वत्र ऐकू येतो की जहाल पदार्थाला जहाल आयपीए द्यावी. काही वर्षांपूर्वी एका जेवणात मी भरपूर मिरची घातलेल्या कोळंबीबरोबर आठ टक्क्यांची कडवट आयपीए ठेवली होती. दुसऱ्याच घोटाला सर्वांच्या तोंडाची आग भडकली; मद्यार्काची ऊब, कडवटपणा आणि वायूचे टोचणे हे तिघेही जळजळीत भर घालत होते, आणि कोळंबीची मूळ गोडी कोणालाच लागली नाही. मग हेलेसच्या बाटल्या उघडल्या तेव्हा जेवण सावरले. म्युनिकमध्ये १८९४ पासून केली जाणारी ही सोनेरी लागर पिल्सनरपेक्षा कमी कडू आणि अधिक माल्टाळ असते. तिखट पदार्थाबरोबर कमी मद्यार्क, कमी कडवटपणा आणि किंचित गोडवा, एवढे लक्षात ठेवून हेलेस, वाइसबीअर किंवा मेर्त्सेन यांतून निवड करावी.

आंबट पदार्थापुढे गोडसर बीअर बेचव लागते, म्हणून बीअर पदार्थाइतकी तरी आंबट असावी. व्हिनेगर घातलेल्या सॅलडला बर्लिनर वाइस ही बर्लिनची आंबट गव्हाची बीअर किंवा मीठ आणि धने घालून केलेली लाइपझिगची गोझ चालते. आंबट बीअरमध्ये सर्वांत खोल मात्र ब्रसेल्स परिसरातली लँबिक. उकळलेला रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर थंड होऊ देतात आणि हवेतली व लाकडी पिंपांतली रानटी यीस्ट त्याचा ताबा घेतात. मग एक, दोन आणि तीन वर्षांच्या पिंपांतली लँबिक मिसळून ग्यूझ तयार होते. तिला तळघराचा, ओल्या गवताचा, घोड्याच्या जिनासारखा वास असतो. नवख्यांनी ती नुसती पिऊ नये, शिंपल्यांबरोबर किंवा शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर घ्यावी. चीजमधली चरबी तिच्या धारेला बोथट करते आणि चीजचा रानटी वास तिच्या वासात सहज मिसळून जातो.

गोडाचा नियम असा की बीअर एकतर पदार्थाइतकी गोड असावी, नाहीतर भाजक्या कडवटपणाने त्याला तोलून धरणारी असावी. पिल्सनरबरोबर केक खाल्ला तर ती पाणचट आणि कडू लागते. चेरी घालून मुरवलेली क्रीक चीजकेकशी जमते, इम्पीरियल स्टाउट चॉकलेटशी, आणि व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर दोन चमचे स्टाउट ओतले तर वेगळे काही करावे लागत नाही.

पायरी सहावी: चीजवर सराव करावा

सराव करायचा तर चीजसारखे साधन नाही, कारण शिजवण्याचा त्रास नसतो आणि चरबी व मीठ आयते हाताशी असतात. शेळीच्या ताज्या चीजला सेझाँ किंवा विटबीअर, जुन्या चेडारला पेल एल, आणि निळ्या बुरशीच्या स्टिल्टनला बार्लीवाइन, या तीन जोड्यांपासून सुरुवात करावी. सेझाँ ही बेल्जियमच्या वालोनी भागातल्या शेतांवरची बीअर. ती अत्यंत कोरडी आणि भरपूर बुडबुड्यांची असते, त्यामुळे कोणत्या पदार्थाबरोबर काय द्यावे हे सुचत नसेल तेव्हा मी तीच उघडतो. तिसरी जोडी सर्वांत शिकवणारी. स्टिल्टनचा खारटपणा आणि बार्लीवाइनचा गडद गोडवा वेगवेगळे घेतले तर दोन्ही अतिरेकी वाटतात. एकत्र घेतल्यावर मात्र खारट-गोड असा तिसराच स्वाद तयार होतो.

पायरी सातवी: पहिली बैठक आखावी

चार बाटल्या आणि चार लहान पदार्थ एवढे पुरे. कायद्याने मद्यपानास पात्र असलेले तीन जण बसले तर ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीतून प्रत्येकाच्या वाट्याला ११० मिलिलिटर येतात, आणि चव समजायला तेवढे भरपूर असते. घरी परतताना कोणी वाहन चालवणार नाही याची व्यवस्था आधी करावी, आणि टेबलावर पाणी व साधा पाव ठेवावा.

क्रम हलक्याकडून जडाकडे न्यावा. आधी विटबीअर आणि शेळीच्या चीजचे सॅलड. मग पिल्सनर आणि काहीतरी गरम तळलेले. तिसऱ्या वेळी डुबेल आणि लोण्यात खरपूस परतलेले मशरूम किंवा स्ट्यू. शेवटी इम्पीरियल स्टाउट आणि सत्तर टक्के कोकोचे चॉकलेट. प्रत्येक वेळी आधी बीअरचा एक घोट घ्यावा, मग पदार्थाचा एक घास, मग दुसरा घोट. आणि पहिल्या व दुसऱ्या घोटात काय बदलले ते मोठ्याने सांगावे, कारण शब्दात मांडताना जे लक्षात येते ते गप्प राहून निसटते. डुबेलच्या वेळी मुद्दाम पिल्सनरचा एक घोट शिल्लक ठेवून तोही त्याच मशरूमबरोबर घ्यावा. पिल्सनर वाईट लागणार नाही, पण ती फक्त तोंड साफ करून निघून जाईल आणि डुबेल मशरूमच्या खरपूस चवीला चिकटून राहील. जुळणे आणि केवळ चालून जाणे यांतला फरक या एका तुलनेत स्पष्ट होतो.

स्टाउट बैठकीच्या अर्धा तास आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेवावी. चॉकलेटचा तुकडा चावू नये, जिभेवर ठेवून अर्धा विरघळू द्यावा आणि मग घोट घ्यावा. थोडी बीअर ग्लासात तशीच ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाखावी. ती आणखी कोमट झाल्यावर कॉफीच्या वासामागून मनुकांचा आणि काळ्या गुळाचा वास वर येतो, आणि या वेळी दुधाच्या चॉकलेटचा तुकडा घेऊन पाहिला तर तीच स्टाउट एकदम कडू आणि कोरडी झाल्याचे प्रत्येकाला जाणवते.